बॅटरी बदलली, पण गाडीला कळवलंच नाही

बिलावर चार ओळी होत्या. बॅटरी, मजुरी, 'मेमरी बॅकअप' (बॅटरी काढताना गाडीतल्या सेटिंग पुसू नयेत म्हणून बाहेरून वीज देणं) आणि 'बॅटरी प्रोग्रामिंग'. यातलं चौथ्या ओळीचं काम कुणी केलंच नव्हतं आणि पहिल्या ओळीची तरी गरज होती का, याचीही मला दाट शंका आहे. गाडी महागातली, जर्मन बनावटीची. काम केलं अधिकृत डीलरच्या सर्व्हिस सेंटरने. नाव घेत नाही, कारण हीच पद्धत इतर ठिकाणीही चालते हे नंतर बऱ्याच जणांशी बोलल्यावर कळलं.

गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला दिली होती. बॅटरीची काहीही तक्रार नव्हती, त्या सकाळीसुद्धा एका दमात चालू झाली होती. दुपारी सर्व्हिस ॲडव्हायजरचा फोन आला. "सर, बॅटरी गेलीय. आज नाही बदलली तर रस्त्यात अडकाल." मी तिथेच गेलो. गाडी बेवर, म्हणजे दुरुस्तीच्या जागेवर उभी, चारही दारं सताड उघडी, डिकी वर, इग्निशन ऑन, आतला स्क्रीन झगमगतोय आणि चार्जर कुठेच नाही. अशा गाडीत इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू ठेवली की एकेक कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा कंप्युटर) जागं राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणूनच नीट काम करणारे मेकॅनिक तपासणीच्या वेळी बाहेरून चार्जर जोडून ठेवतात.

मग टेस्टरची चिठ्ठी माझ्या हातात आली. तिचा फोटो काढून ठेवला ते बरं झालं. व्होल्टेज ११.९, बॅटरीचा प्रकार 'साधी' आणि खाली निकाल 'बदला'. माझ्या गाडीत होती एजीएम बॅटरी. तिच्यात ॲसिड काचतंतूंच्या जाळीत शोषलेलं असतं, आणि टेस्टरवर प्रकार चुकीचा निवडला तर निकालही चुकू शकतो. शिवाय पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ उभी राहिल्यावर १२.६ किंवा थोडं जास्तच दाखवते. ११.९ म्हणजे ती रिकामी झाली आहे, मेली आहे असं नव्हे. आधी चार्ज करायची, मग पुन्हा तपासायची, हा साधा नियम. चार्ज होऊनही क्रँकिंग अँपिअरचा, म्हणजे इंजिन चालू करताना बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा आकडा लेबलावरच्या आकड्यापेक्षा फारच खाली राहिला, तर खुशाल बदला. इथे चार्ज करायचे कष्टच घेतले नव्हते.

मी म्हटलं, बॅटरी मी बाहेरून आणतो, घरीच बसवतो. त्यावर ठरलेलं उत्तर आलं. "ईसीयू, म्हणजे गाडीचा कंप्युटर, उडेल सर. प्रोग्रामिंग फक्त आमच्याच मशीनवर होतं." सगळं खोटं असतं तर पकडता आलं असतं. पण यात अर्धं खरं आहे, आणि धंदा त्या अर्ध्यावरच चालतो.

खरं काय ते सांगतो. बीएमडब्ल्यू, ऑडी अशा बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट येतो-जातो, व्होल्टेज किती, तापमान किती, याचा हिशोब तो ठेवतो. बॅटरी जुनी होत जाते तसं गाडी चार्जिंगचं गणितही बदलत नेते. नवी बॅटरी बसवली आणि ती नवी आहे हे गाडीला कळवलं नाही, तर गाडी तिला म्हातारी समजूनच वागवत राहते. हे कळवणं म्हणजे रजिस्ट्रेशन, बिलावरचं 'प्रोग्रामिंग' ते हेच. बॅटरीची क्षमता किंवा प्रकार बदलला असेल तर वेगळं कोडिंगही, म्हणजे गाडीत त्या नव्या क्षमतेची-प्रकाराची नोंद करावी लागते. काम गरजेचंच आहे, पण स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरशी बोलणारं उपकरण) जोडून काही मिनिटांत होतं, आणि कित्येक गाड्यांसाठी ते करणारे स्कॅनर बाजारात मिळतात. डीलरच्याच मशीनची मक्तेदारी आहे, हे धादांत खोटं.

शेवटी तिथेच बॅटरी बदलून घेतली. त्यानंतर स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) जवळजवळ बंदच पडलं आणि काही महिन्यांत 'बॅटरी डिस्चार्ज' असा इशारा झळकायला लागला. डीलरकडून उत्तर मिळालं, "तुमचं रनिंग कमी आहे." एका मित्राने त्याचा स्कॅनर जोडला. या गाडीत बॅटरी बदलल्याच्या नोंदी राहतात, प्रत्येक नोंदीसमोर त्या वेळचे किलोमीटर. पान रिकामं. कोडिंगमध्ये ९० अँपिअर-अवर एजीएम, कारखान्यातून आलं तसंच. मग डिकीतलं मॅट उचलून लेबल पाहिलं, तर बॅटरी ८० ची! बिलावर मात्र ९०. एका कामात दोन ठिकाणी हात मारलेला.

जाब विचारला तेव्हा सांगितलं, "सॉफ्टवेअर अपडेटमध्ये नोंद उडाली असेल." तोंडी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मेल केला आणि लेबलाचा फोटो, बिल, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो असं सगळं जोडलं. मागणी एकच ठेवली, रजिस्ट्रेशन कधी आणि किती किलोमीटरला केलं त्याची प्रत द्या. मग सूर एकदम बदलला. ९० ची बॅटरी माझ्या डोळ्यांदेखत बसवली, रजिस्टर केली, प्रोग्रामिंगचे पैसे परत केले. जुन्या मूळ बॅटरीचं विचारलं तर ती 'स्क्रॅपला गेली'. जुन्या बॅटरीतल्या शिशालाही मोल असतं, ते माझ्या बिलातून वजा झालेलं कुठे दिसलं नाही. आणि ती बॅटरी मेली होती की नुसती उतरली होती, हे आता कुणीच तपासू शकत नाही. बहुधा म्हणूनच ती इतक्या तत्परतेने गेली.

मग घरीच बदलावी का? स्कॅनर हाताशी असेल आणि बॅटरी डिकीत असेल तर जरूर. सीटखाली किंवा कुठल्या अडचणीच्या कोपऱ्यात असेल तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही, कारण ९० ची एजीएम पंचवीस किलोच्या पुढे भरते. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. आत बसवलेल्या बॅटरीला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती जुनीची काढून नवीला लावायची राहून जाते, आणि तो गॅस हायड्रोजन असतो. काही गाड्यांत पॉझिटिव्ह क्लॅम्पवरच अपघातात केबल तोडणारा स्फोटक भाग असतो, त्यामुळे तिथे ठोकाठोक नको. आणि बॅटरी सुटी असताना डिकी लावू नका! कुलूप विजेवर चालतं, मग आत शिरायला कसरत करावी लागते. जोडल्यावर स्टिअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा (चाकांची पकड सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर घाबरू नका, बहुतेक वेळा थोडं चालवल्यावर तो आपोआप जातो.

डीलरकडे जाण्यात वाईट काही नाही. पण आता मी गाडी सोडतानाच जॉब कार्डवर लिहून घेतो: बॅटरी चार्ज केल्याशिवाय टेस्ट करू नये, जुना पार्ट गाडीतच ठेवावा. नव्या बॅटरीच्या लेबलाचा फोटो ती बसण्याआधी मागतो, आणि रजिस्ट्रेशनची नोंद पडद्यावर दाखवल्याशिवाय त्या ओळीचे पैसे देत नाही.