वीज नसताना विहिरीचे पाणी: रहाट की पेट्रोलचा पंप?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा ज्यांनी मोटार बसवल्यावर रहाट काढून टाकला होता, त्यांना परसात विहीर असूनही पाण्यासाठी शेजारी जावे लागले. अशा वेळेसाठी रहाट बरा की पेट्रोलवर चालणारा पंप?

पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास शंभर लिटर पाणी धरले, तर दहा लिटरच्या पोहऱ्याने ते दहा खेपांत निघते. रहाटामुळे दोर खाली ओढावा लागतो व अंगाचे वजन कामी येते. काठावरून वाकून नुसत्या हातांनी ओढणे मात्र कंबरेला फार जड जाते. गुरे, धुणे आणि संडास यांचे पाणी मिळवले की एकट्या वृद्धाला हे झेपत नाही, हे मान्यच करावे लागेल.

पंप हेच काम काही मिनिटांत करतो. पण काठावरचा पंप व्यवहारात सात-आठ मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढू शकत नाही आणि मे महिन्यात अनेक विहिरींची पातळी त्याहून खाली जाते. म्हणून इंजिन विहिरीत उतरवण्याचा मोह होतो. तो प्राणघातक आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड आतच साचतो. शिवाय वादळानंतर पेट्रोल मिळेलच, याची खात्री नसते.

माझ्या मते रहाट प्रत्येक विहिरीवर असावाच. पंप गुरे असलेल्या घरांनी, पातळी मोजून घ्यावा.