एच अँड एन फिनाले मॅच: डबा घेण्याआधी बॅरलला विचारा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे जेमतेम ०.५ मिलिमीटरचा ठिपका. पेलेट, म्हणजे रायफलची शिशाची छोटी गोळी, स्वतः ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. दशांशात गुण मोजतात तेव्हा मध्यापासून दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत ज्या प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं, त्यात ६० शॉट्सचे कमाल गुण ६५४.० आहेत आणि फायनलची जागा अनेकदा एखाद्या दशांशावर ठरते. म्हणून पेलेटचा प्रश्न किरकोळ नाही.

फिनाले मॅच हा जर्मनीच्या एच अँड एन कंपनीचा मॅच दर्जाचा पेलेट. डोकं सपाट, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. सपाट डोक्यामुळे कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पडतं, कडेला शिशाची करडी रेघ राहते आणि गुण मोजताना वाद होत नाही. मागच्या पोकळ घेराला स्कर्ट म्हणतात. हवेचा दाब आत शिरला की स्कर्ट फुलतो आणि बॅरलच्या, म्हणजे रायफलच्या नळीच्या, आतल्या खाचांना घट्ट चिकटतो. डोकं मात्र फुलत नाही, ते खाचांमधल्या उंचवट्यांवरून सरकत जातं. त्यामुळे डोक्याचं माप आणि बॅरलचं माप जुळलं नाही, तर पेलेट आतच किंचित कलतो आणि बाहेर पडल्यावर डगमगत जातो.

रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा हेवी घ्या. ०.५१ ग्रॅमचा लाइटही मिळतो. नुसतं नाव सांगून डबा मागितला तर दुकानदार हाताला येईल तो देतो, म्हणून स्टिकर स्वतः वाचा. त्यावर हेड साइझ, म्हणजे डोक्याचं माप मिलिमीटरमध्ये, असते: ४.४९, ४.५०, ४.५१. फरक एका शतांश मिलिमीटरचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. तरी एकाच बॅरलमधून या मापांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर सोडलेल्या शॉट्सच्या भोकांचे पुंजके, उघड्या डोळ्यांना वेगळे दिसू शकतात. शेजारच्या लेनवरच्या रायफलला ४.५० चालतो म्हणून तुमच्या रायफललाही तोच चालेल, असं अजिबात नाही. मॉडेल एकच असलं तरी नाही.

चाचणी अशी करा. आधी फेल्टच्या गोळ्यांनी बॅरल साफ करा. मग ज्याची चाचणी घ्यायची त्याच पेलेटचे दहा-पंधरा शॉट्स नुसते सोडा, म्हणजे बॅरलमध्ये त्या शिशाचा सारखा थर बसतो. ही पायरी गाळली की पहिला ग्रुप पसरतो आणि चांगला पेलेट उगाच बाद होतो. रायफल स्टॉकमधून (दस्त्यातून) काढून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडता आली तर उत्तम. बॅरल कधीच आवळायचं नाही, पकड ॲक्शनवर, म्हणजे बॅरलमागच्या यंत्रणेवर, घ्यायची. व्हाइस नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, पण प्रत्येक शॉटला टेकू त्याच जागी हवा. प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट्सचे तीन ग्रुप काढा. पाच शॉट्सवर निकाल देऊ नका. पाचांत नशीब लपतं, दहांत उघडं पडतं.

ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत कॅलिपरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. कडा-ते-कडा ५.५ मिलिमीटर आलं, तर शॉट्सच्या केंद्रांमधलं सर्वांत मोठं अंतर फक्त १ मिलिमीटर आहे. हा पेलेट ठेवायचा. तेच ७.५ आलं तर अंतर ३ मिलिमीटर होतं, म्हणजे नेम अचूक असूनही एखादा शॉट १०.४ ला जाईल. रायफलच्या खोक्यात कारखान्याचं टेस्ट कार्ड असेल तर तुलनेला ते समोर ठेवा.

वजन करून पेलेट वेगळे काढणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. मॅच रायफलचा वेग सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर, आणि दहा मीटरमध्ये पेलेट सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. वजनात एक टक्का, म्हणजे ५ मिलिग्रॅम फरक पडला की वेग साधारण अर्धा टक्का बदलतो आणि पेलेट ०.२ मिलिमीटरही वर-खाली होत नाही. एक दशांशसुद्धा नाही! काट्यावर संध्याकाळ घालवण्यापेक्षा दहापट भिंग घ्या आणि स्कर्टची कड बघा. चेपलेली, अंडाकृती झालेली किंवा शिशाचा बारीक तुरा चिकटलेली कड हा खरा शत्रू आहे, कारण हवा एका बाजूने निसटते. दर्जेदार लॉटमध्येही (एकत्र बनलेल्या खेपेतही) प्रवासात डबा आदळला की असे काही पेलेट निघतात. ते सरावाच्या वाटीत टाका. मॅचसाठी साठ आणि साइटिंगसाठी (आधी नेम जुळवण्यासाठी) वीस-पंचवीस पेलेट आदल्या दिवशीच निवडून फोमच्या खाचांत ठेवा.

पेलेटवर खापर फोडण्याआधी वेग मात्र तपासा. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) शॉटागणिक सेकंदाला ३ मीटरचा फरक दिसत असेल तर वर-खाली ०.६ मिलिमीटर तिथेच जातात, आणि दोष बहुधा हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा किंवा सीलचा असतो. पेलेट ब्रीचमध्ये (बॅरलच्या मागच्या तोंडात) तिरका बसवणं ही दुसरी नेहमीची चूक. पेलेट आत ढकलणारा बोल्ट पुढे येताना स्कर्टची कड खरवडली जाते. बोटाने सरळ बसवा आणि बोल्ट सावकाश ढकला.

माप ठरलं की स्टिकरवरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. ५०० चा एक डबा, रोज ८० शॉट्स आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २४,००० पेलेट, म्हणजे ४८ डबे. सगळेच फिनाले मॅचचे घेणं बहुतेकांना परवडणार नाही आणि गरजही नाही. होल्ड, म्हणजे धरलेला नेम, अजून नऊच्या वर्तुळात फिरत असेल तर सरावाला स्वस्त पेलेट चालतो. मॅचचा लॉट स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत वापरायला काढा. नवा लॉट आला की माप तेच असलं तरी चाचणी पुन्हा करा, कारण साचे झिजतात आणि बदलले जातात.

पैशाच्या मानाने हा पेलेट खात्रीचा वाटतो तो या मापांच्या निवडीमुळेच. तिन्ही मापांत तुमच्या बॅरलला ग्रुप बसला नाही तर हट्ट सोडा आणि आरडब्ल्यूएस कंपनीचा आर-टेन पेलेट लावून बघा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि झाकणाला टेप लावा. भुकटी धरलेले पेलेट मॅचला वापरू नका. गंजू नयेत म्हणून तेल लावण्याचा सल्ला मिळेल, पण स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते तेल दाबाने पेटतं आणि वेग वाटेल तसा बदलतो. पेलेट ओठांत धरून ठेवायची सवय मुलांना असेल तर आजच मोडा, आणि रेंजवरून निघताना जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. शिसं पोटात जातं ते असंच.