लीडिंग झिरोचा रिव्ह्यू: आकडा मावला नाही की कोण काय करतं

रिपोर्टमध्ये पावती नंबर ४५ असेल तर तो ०००४५ असा दाखवायचा, काम एवढंच. इतकं किरकोळ की याचा कोणी रिव्ह्यू लिहील असं मलाही वाटलं नव्हतं, पण माझ्या गळ्यात चार-पाच वेगवेगळ्या डेटाबेसवरचे रिपोर्ट पडलेत, प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि मधे एकदा सणसणीत तोंडावर आपटलोय म्हणून लिहितो. मार्क देताना सगळ्यांना एकच प्रश्न विचारलाय: बाबा रे, तुला पाच घरं दिली आणि आकडा सहा घरांचा आला तर तू काय करशील?

एलपॅड या फंक्शनपासून सुरुवात करू कारण सगळे तिथूनच करतात. मायएसक्यूएल, ओरॅकल, पोस्टग्रेस या तिन्ही डेटाबेसमध्ये आहे, वापरायला सोप्पं, आकडा द्या, किती घरं ते सांगा, कशाने भरायचं ते सांगा, झालं. मस्त चालतं. आकडा मावेनासा झाला की मात्र उजवीकडून गुपचूप कापतं. म्हणजे १००००० चं झालं १००००, १००००१ चं पण १००००, असं करत करत १००००९ पर्यंत दहाच्या दहा पावत्या १०००० आणि खरीखुरी १०००० नंबरची जुनी पावती होतीच, ती अकरावी. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

हे मला कळलं ते असं की रिपोर्ट मीच लिहिलेला आणि शहाणपणा करून ग्रुप बायसुद्धा (म्हणजे सारख्या नंबरच्या ओळींची एकत्र बेरीज) त्या शून्य लावलेल्या कॉलमवरच केलेला, त्यामुळे अकरा पावत्यांची बेरीज एकाच ओळीत जाऊन बसली. अकाउंट्समधून फोन, "अहो, ही १०००० नंबरची पावती एवढी मोठी कशी? एवढं बिल आपण कधी काढलं?" मी म्हटलं बघतो, आणि अर्धा दिवस डेटात घाण शोधत बसलो. डेटा बिचारा धुतल्या तांदळासारखा होता! आता फंक्शनला शिव्या घालायची पण सोय नाही, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की लांबी जास्त झाली तर कापणार, वाचतंय कोण. शिवाय मायनसचा आकडा दिलात तर -४२ चं ००-४२ करून देतं, ते बघून हसावं का रडावं कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये तर आधी आकड्याचं टेक्स्ट करून द्यावं लागतं, नाहीतर असं फंक्शनच नाही म्हणतो. पाचपैकी दोन.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर मी वापरतो त्या व्हर्जनमध्ये एलपॅड नाहीच. तिथे जुने लोक आकड्याच्या पुढे पाच शून्यं जोडून राइट या फंक्शनने शेवटची पाच अक्षरं घेतात. हे पण कापतंच, फक्त दुसऱ्या बाजूने, म्हणजे १००००१ चं ००००१ होतं आणि तुमची सगळ्यात पहिली पावती परत जिवंत होऊन समोर उभी राहते. हे मला एलपॅडपेक्षा वाईट वाटतं कारण दिसायला अगदी खरं दिसतं. २०१२ च्या व्हर्जनपासून फॉरमॅट हे फंक्शन आलं, त्यात डी५ (म्हणजे पाच घरं) लिहिलं की काम होतं, आकडा मोठा असला तर अख्खा दाखवतं, मायनस पण नीट -०००४२. पण हे आतून डॉटनेटकडे (मायक्रोसॉफ्टचंच डेटाबेसबाहेरचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) जाऊन येतं, त्यामुळे शेपाचशे ओळींना काही कळत नाही आणि लाखो ओळी आल्या की क्वेरी चहा प्यायला गेल्यासारखी बसून राहते, आणि कॉलम डेसिमल (दशांशाचा) असेल तर डी५ सरळ नल देतं, रिकामा कॉलम बघत बसा. तिथेच एक जुनाट एसटीआर पडलेलं आहे, डावीकडे स्पेस भरतं, रिप्लेसने त्या स्पेसची शून्यं करायची. दिसायला भंगार, पण आकडा मावला नाही तर चक्क ***** छापतं. मला आवडलं.

त्याच कारणाने माझा पहिला नंबर टूचार या फंक्शनला, ओरॅकल आणि पोस्टग्रेसवालं. पाच शून्यांचा मास्क (म्हणजे नमुना) द्यायचा, आकडा मोठा आला की ##### येतं, कोणालाही कळतं की गडबड आहे. एकच कटकट, प्लस-मायनससाठी पुढे एक स्पेस सोडून ठेवतं, ती डोळ्याला दिसत नाही आणि मग एक्सेलमध्ये व्हीलुकअप (नंबर जुळवून माहिती शोधणारं फंक्शन) का जुळत नाही म्हणून डोकं फुटतं. मास्कच्या आधी एफएम लावा, जाते. साडेचार.

मायएसक्यूएलचं झिरोफिल (कॉलमलाच शून्यं लावायची सोय) कोणी नवीन टेबलात वापरू नका, ८.०.१७ पासून ते डेप्रिकेटेड (म्हणजे वापरू नका म्हणून जाहीर केलेलं) आहे. कापत नाही हे खरं, पण कॉलम आपोआप अनसाइन्ड होतो, म्हणजे मायनस आकडे चालत नाहीत, आणि युनियन केलं (दोन क्वेरींचे निकाल एकाखाली एक जोडले) की शून्यं गायब. एसक्यूलाइट या डेटाबेसचं प्रिंटएफ हे फंक्शन चांगलंय, कापत नाही, तक्रार नाही.

आणि हे सगळं करून सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) पाठवली की समोरचा डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतो आणि शून्यं परत हवेत! २०२३ पासून एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये हे बंद करता येतं, पण दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन कोण करणार. मी आता फाइलच एक्सेलची देतो, सेलमध्ये आकडा आकडाच ठेवतो, जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) आणि ग्रुप बाय पण आकड्यावरच, आणि शून्यं फक्त सेलच्या फॉरमॅटमध्ये.

जे दोन-तीन रिपोर्ट पीडीएफने जातात त्यात टूचार आहे. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकात ##### आलं. परत फोन, परत तोच आवाज, "हे काय कुंपण छापलंय?" मी मास्कमध्ये तीन शून्यं वाढवली आणि फोन चालू असतानाच रिपोर्ट परत पाठवला.