७०,७०० रुपये गेले आणि काकांचे मूळ कार्ब्युरेटरही

लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर मला फसवणारा मिस्त्री उद्या दुसऱ्या कुणाला गाठेल. माझे ७०,७०० रुपये गेले. त्याहून जिव्हारी लागलं ते म्हणजे काकांच्या १९६७च्या एमजीबीचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, दोन्ही मूळ एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग, थोडक्यात कार्ब) गेले.

दुखणं किरकोळ होतं. इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गाडी सायनच्या सिग्नलला अडखळायची, चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) जरा ओढला की सुधारायची. म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचे, नट थोडे खाली घेतले असते तरी बहुतेक भागलं असतं. ओळखीतून आलेल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, "साहेब, कार्ब संपलेत. इंग्लंडहून किट मागवावं लागेल."

तिथेच त्याला वाटेला लावायला हवं होतं! इंजिन थंडगार, चोक बाहेर, आणि हा स्क्रू पिळत होता. काका इंजिन नीट तापल्याशिवाय हात लावत नसत. आधी दोन कार्बमधल्या दांड्याचा क्लॅम्प सैल करायचे. मग रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बच्या तोंडाशी, फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत. मग कार्बमधला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त), इंजिन बसू लागलं तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. लहानपणी ती नळी मीच धरून उभा राहायचो. या माणसाने नळी काढली नाही, पिस्टनला बोट लावलं नाही, आणि तरी मी मान डोलावली.

मला वेड्यात काढणाऱ्यांनी सांगावं, मुंबईत एसयूला हात लावणारे राहिलेत किती? त्या मिस्त्रीच्या फोनमध्ये जुन्या गाड्यांचे फोटो होते, बोलणं गोड होतं. कुणीही फसला असता.

कार्ब तो काढून घेऊन गेला. आगाऊ १५,०००. किटचे ३८,५००. मग "पार्सल कस्टममध्ये अडकलंय" म्हणून ११,२००. पावती मागितली तर म्हणे पार्सलबरोबर येईल. शेवटी मजुरी ६,०००. सगळं यूपीआयने, त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. खातं दुसऱ्याच्या नावाचं असेल तर एक रुपया टाकू नका.

पाच आठवड्यांनी कार्ब आले, आरशासारखे चकचकीत. फ्लोट बाउलच्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) झाकणाच्या स्क्रूखालची छोटी पट्टी, जिच्यावर कार्बचा नंबर असतो, ती गायब. "पॉलिशमध्ये पडली असेल." हेही मी ऐकून घेतलं! अकरा दिवसांत आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं, बिघडलं. थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) बोटाने खाली-वर हलत होता, तिथून हवा शिरत होती. असल्या कार्बचं ट्यूनिंग जन्मात लागत नाही. काकांनी सक्शन चेंबरवर, म्हणजे पिस्टनवरच्या घुमटावर, पंचने खुणा केल्या होत्या, कारण चेंबर आणि पिस्टनची जोडी ठरलेली असते, अदलाबदल चालत नाही. या चेंबरवर खुणा नव्हत्या. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे." फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२०, आताचं ३१८ लागतं म्हटलं तर "तुम्ही वकील का?" आणि वर "एवढ्या जुन्या पार्टसाठी कशाला डोकं लावता?" तिसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवून एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद हातात दिला. मेहुण्याचा खाते क्रमांक, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं मी छापून नेलं होतं, ते उलटूनही पाहिलं नाही. चोर कुठल्या खात्यात पैसे घेतो हे कागदावर असताना आणखी काय आणून द्यायचं? "तुमचे कार्ब तेच होते याचा पुरावा?" असं मात्र विचारलं. तो माझ्याकडे नाही. कार्ब काढून देण्याआधी पट्टीचा, खुणांचा फोटो काढा. शक्यतो काढून देऊच नका, समोर उभे राहून काम करून घ्या. पक्कं बिल मागा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मी आता तिथेच अर्ज करतोय.

एसयू एचएस४ (आमच्या कार्बचं मॉडेल) ची जोडी कुणाला विकायला आलेली दिसली तर चेंबरच्या कडेला बघा. पुढच्यावर एक टिंब, मागच्यावर दोन. ते आमचे आहेत.