बीएमईच्या नावाखाली बीएमपी: आर्द्रता सेन्सर घेताना सावध

बीएमई २८० हा सेन्सर म्हणून मला बीएमपी २८० विकला गेला. फरक एका अक्षराचा, पण पहिला तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजतो; दुसऱ्यात आर्द्रता मोजायची सोयच नाही. अर्थात तो स्वस्त पडतो. विक्रेत्याने फोटो, वर्णन, सगळं बीएमईचं टाकलं होतं.

मला बीएमई लेन्सच्या बंद कपाटात लावायचा होता. सापेक्ष आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरते. तिने एकदा कोटिंग खाल्लं की पुसून उपयोग नसतो. ४० ते ५० टक्के राखलं की निभावतं, पण दार बंद असताना आत काय चाललंय ते मोजल्याशिवाय कळणार कसं?

जोडणी केली, तर प्रोग्रॅम म्हणे सेन्सर सापडत नाही. विक्रेता आधी म्हणाला वायरिंग तपासा, मग म्हणाला लायब्ररी (सेन्सर वाचायचा तयार कोड) जुनी असेल. शेवटी खरी मखलाशी: ‘चिप आयडी, म्हणजे चिपमध्येच नोंदलेला तिचा ओळख क्रमांक, तपासणारी प्रोग्रॅममधली ओळ काढून टाका, चालेल.’ काढली, आणि चाललं की! तापमान ठीक, दाब ठीक, आर्द्रतेचाही आकडा आला. फक्त तो जागचा हलेना. सेन्सरवर तोंडाची वाफ सोडली तरी ढिम्म. राग आला तो याचाच. बंद पडलेला सेन्सर निदान लक्षात तरी येतो. या आकड्याच्या भरवशावर लेन्स खुशाल सडल्या असत्या.

ती ओळ कुणी काढायला सांगितली तर काढू नका. आयडी वाचा: हेक्समध्ये (सोळा अंकी पद्धतीत) ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. बोर्डावरच्या छपाईवर जाऊ नका, कित्येक बोर्डांवर दोन्ही नावं एकत्रच छापलेली असतात. चिपचा आकारही बोलतो. बीएमई चौरस, बाजू अडीच मिलिमीटर. बीएमपी आयताकृती, दोन बाय अडीच.

आकडा हलत असला तरी तो खरा कशावरून? झाकणबंद डब्यात मीठ जेमतेम ओलं करून ठेवा, पाणी नको, खिमट हवं. शेजारी सेन्सर ठेवा, मीठ लागू न देता. काही तासांनी साधारण ७५ टक्के दिसायला हवेत. डीएचटी ११ हा निळा आर्द्रता सेन्सर असेल तर पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्याची अचूकताच तेवढी.

आयडीचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर पैसे निमूट परत आले. माल मात्र अजून बीएमई म्हणूनच विकायला आहे.