मानेच्या दुखण्यावर फिजिओथेरपी : सहा महिन्यांनंतर काय टिकलं

मशीनने आराम पडतो, पण तो काही तासांचा. आयएफटी (हलक्या विजेच्या प्रवाहाचं मशीन), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन), शेक यांनी मान सैल झाली की लगेच व्यायाम करायचा, तरच सिटिंगचे पैसे वसूल. नुसतं मशीन लावून उठून जाणारा थेरपिस्ट असेल तर बदला. नागपुरात मेडिकलमध्येही (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) फिजिओथेरपीचा विभाग आहे.

खरा फरक पडला तो चिन टकने, म्हणजे हनुवटी हलकेच आत घेण्याच्या व्यायामाने. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, उशी काढा. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली टॉवेलची एक घडी घ्या. मग 'हो' म्हणताना डोलवतो तितकीच हलकी मान डोलवा. डोकं उचलायचं नाही, श्वास रोखायचा नाही. 10 सेकंद धरा (जमत नसेल तर 5), 10 वेळा, दिवसातून दोनदा.

चूक इथेच होते. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूवर दोन बोटं ठेवून बघा. तो दोरीसारखा ताठ झाला तर जोर जास्त लागतोय. आतले छोटे स्नायू बाजूलाच राहतात आणि वरचा मोठा स्नायू सगळं ओढतो. अशाने मान आणखी दुखते आणि पुष्कळ जण आठवड्यातच व्यायाम सोडतात. फार वाईट वाटतं, कारण नुसता जोर कमी केला की जमतं.

तीनेक आठवड्यांनी बँड, म्हणजे व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा. पिवळा किंवा लाल घ्या, दाराच्या कडीला अडकवा, कोपरं मागे ओढा, खांद्याची पाती जवळ आणा. 10-12 वेळा, दोन फेऱ्या. खांदे कानाकडे चढले तर बँड जड आहे. मे महिन्यात तो गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, उन्हाने रबर चिकट होतं, चिरा पडतात आणि ताणताना तुटून तोंडावर बसतो. शेकही त्या दिवसांत नकोसा होतो. कोमट पाण्याची अंघोळ पुरते.

दुकानातून कॉलर आणून महिनोन्‌महिने घालू नका, स्नायू आणखी कमजोर होतात.

हाताची पकड ढिली होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं न वळणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हाताला मुंग्या येत असतील तरी आधी तपासणी, मग व्यायाम.

सहाव्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस, दहा-दहा मिनिटं एवढंच पुरतं. दोन आठवडे खंड पडला की गाडी मागे घेताना मान वळवायला पुन्हा जड जाते.