पुण्यातल्या 'स्वच्छ'च्या ताई आणि व्ही-कलेक्ट : आमचा चार वर्षांचा अनुभव

आमची कोथरूडमधली सोसायटी, २४ फ्लॅट, आणि गेली चार वर्षं कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या एकच ताई आमच्याकडे येतात. हॉटेलात एकदा जेवून आलं तरी आपण लगेच रिव्ह्यू टाकतो, पण रोज सकाळी दारात येणाऱ्या माणसाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून आज लिहायलाच बसले.

बाहेरगावच्यांसाठी सांगते, 'स्वच्छ' ही कुठली कॉन्ट्रॅक्टर कंपनी नाही, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची युनियन झाली, त्यातूनच पुढे ही संस्था आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन घरोघरचा कचरा गोळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांना पालिकेचा महिन्याचा पगार नसतो, आपण घरटी देतो ते पैसे आणि सुक्यातलं भंगार विकून येतात ते, यावरच घर चालतं. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगमध्ये "कचरा पण आम्हीच द्यायचा आणि वर पैसे पण आम्हीच?" असं कोणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

आता सर्व्हिसबद्दल. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे ताईंना मालाची जी माहिती आहे ना ती आपल्याला शिकून सवरून नसते. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच लटकता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा परत कोणाच्याच हाताला लागत नाही, सरळ ओल्यात नाहीतर गटारात जातो. पिशवी विसळून वाळवून द्यायची. पावसाळ्यात रद्दी जिन्यात ठेवायची नाही, भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. आणि वेफर्स-चिवड्याची ती आतून चंदेरी पिशवी, तिला तर भंगारवाला हातच लावत नाही, हे त्यांनी सांगितल्यापासून मी फरसाण आणायला घरून डबा घेऊन जाते, दुकानदारालाही आता सवय झालीय.

सॅनिटरी पॅडचं तर आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, बस्स. ठिपका दिसला की ताईंना पुडी उघडून बघावी लागत नाही. त्या हातांनी निवडतात सगळं, हे लक्षात आलं तेव्हा मला फार लाज वाटली, दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लावली आणि घरोघरी जाऊन सांगितलं सुद्धा. अजून तीन घरं ऐकत नाहीत, पण सांगत राहणार.

व्ही-कलेक्ट हा 'स्वच्छ'चाच उपक्रम, रोजच्या कचऱ्यात न बसणाऱ्या जुन्या वस्तूंसाठी. ठरलेल्या दिवशी आपल्या भागात ठरलेल्या जागी नेऊन द्यायचं, कपडे, चपला, खेळणी, पुस्तकं, बंद पडलेल्या इलेक्ट्रिकच्या वस्तू, फर्निचर. वापरण्यासारखं असेल ते वेगळं काढून परत वापरात जातं, बाकीचं रिसायकलिंगला. सासूबाईंचं घर आवरलं तेव्हा आम्ही तीन फेऱ्या मारल्या. लेकीची तीनचाकी सायकल मी आधी तेल-पाणी करून, घंटी बसवून दिली, कारण चालू वस्तू दिली तर ती कोणाच्या तरी पोराच्या कामाला येते, मोडकी दिली तर फक्त वजनावर जाते. भंगाराचे पैसे हवे असतील तर मात्र ही जागा नाही, त्यासाठी भंगारवाल्याला बोलवा.

मिक्सर पण त्याच ढिगात जाणार होता. एका सर्व्हिस सेंटरवाल्याने "मॉडेल बंद झालंय, नवीनच घ्या" सांगितलं होतं. बाजीराव रोडच्या मागे एका गल्लीत बिनपाटीचं दुकान आहे, तिथल्या काकांनी उघडून दाखवलं, मोटरमधले कार्बन ब्रश घासलेले आणि भांडं ज्यावर बसतं तो रबरी कपलर गेलेला. माझ्यासमोर अर्ध्या तासात बदलून दिलं, जुने पार्ट हातात दिले, आणि सांगितलं की मिक्सर अचानक बंद पडला तर आधी खालचं लाल बटण दाबून बघा, लोड आला की ते उडतं, कित्येक मिक्सर निव्वळ त्यापायी भंगारात येतात. अकरा वर्षांचा मिक्सर, काल त्यावर पुरणाची डाळ वाटली.

हा सगळा खटाटोप कशाला असं विचारणाऱ्यांनी एकदा उरुळी देवाची-फुरसुंगीला जाऊन यावं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे पडला आणि विहिरींचं पाणी, वास, माश्या हे सगळं त्या गावांनी सोसलं, रस्त्यावर उतरून आंदोलनं केली त्यांनी.

रेटिंग ५ पैकी ५. तुमच्याकडे ताई येत असतील तर ओला-सुका वेगळा द्या, पैसे एक तारखेलाच द्या, आणि व्ही-कलेक्टची पुढची तारीख त्यांनाच विचारा. आमच्याकडून यावेळी दोन खुर्च्या जाणार आहेत, वेत सुटलाय, विणून मिळतो का ते आधी बघतेय.